एकाच डेटाच्या दोन पी-व्हॅल्यू: एक्सेल, एसपीएसएस आणि आर यांचा ताळमेळ का लागत नाही

थेसिस जमा करायची तारीख जवळ आली की हा फोन हमखास येतो. "मॅडम, एक्सेलमध्ये ०.०७९ आलं. मैत्रिणीने तोच डेटा आरमध्ये घातला तर ०.००३ आलं. आता कोणतं लिहू?" हे आकडे पी-व्हॅल्यूचे: गटांत खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता. ती ०.०५ च्या खाली आली की फरकाला "लक्षणीय" म्हणायचा रिवाज आहे. आर आणि एसपीएसएस ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर. नर्सिंग असो, फार्मसी असो, कृषी असो की एम.एड., प्रश्नाचे शब्द फारसे बदलत नाहीत. मागे एका मुलीला याच गोंधळापायी निष्कर्षाचं अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं, आणि तिने पहिल्यांदा लिहिलेलंच बरोबर होतं. तिचा रडवेला आवाज अजून कानात आहे. म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

उत्तर आधी सांगते. अशा वेळी बहुधा दोन्ही सॉफ्टवेअर बरोबर असतात. तुम्ही दोघांना वेगवेगळा प्रश्न विचारलेला असतो, आणि ते तुमच्या लक्षात आलेलं नसतं, कारण प्रश्नाचा अर्धा भाग डीफॉल्ट सेटिंगने तुमच्या वतीने भरलेला असतो. दोन आकड्यांपैकी "चांगला" कोणता हे बघून निवडायला गेलात तर फसाल. डेटा कसा गोळा झाला, यावरून प्रश्न ठरतो. प्रश्न ठरला की आकडा एकच उरतो.

सगळ्यात आधी नग मोजा

चाचणीकडे जाण्याआधी दोन्ही ठिकाणी प्रत्येक गटात किती नोंदी धरल्या गेल्या ते बघा. एक्सेलमध्ये काउंट फंक्शन लावा. गटात ३० जण आहेत आणि काउंट २८ म्हणतंय, तर दोन आकडे मजकूर म्हणून बसलेत. असे आकडे सहसा सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतात. पुढे-मागे स्पेस राहिलेली असते, किंवा आकड्याला "मि.ग्रॅ." असं काहीतरी जोडलेलं असतं. दुसरी गल्लत रिकाम्या सेलची. माहिती मिळाली नाही म्हणून कुणीतरी तिथे ० टाकलेला असतो, आणि तो शून्य सरासरीत धरला जातो. दोन्ही सॉफ्टवेअरमधली प्रत्येक गटाची संख्या, सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) जुळत नाही तोवर पी-व्हॅल्यूकडे ढुंकूनही पाहू नका. निम्मे फोन इथेच मिटतात.

नग जुळतात, सरासरी जुळते, पी मात्र कोसभर लांब

हे दिसलं की माझा पहिला संशय जोडीवर जातो, म्हणजे दोन्ही रकान्यांतले आकडे त्याच माणसांचे आहेत का यावर. वर फोनमध्ये सांगितलेले ०.०७९ आणि ०.००३ हे आकडे मी मुद्दाम घेतले आहेत. ते ज्या डेटातून येतात तो टी-टेस्टच्या, म्हणजे दोन सरासरींची तुलना करणाऱ्या चाचणीच्या, जन्माचाच डेटा आहे. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली 'स्टुडंट' या टोपणनावाने 'बायोमेट्रिका'त निबंध छापला. त्यात त्यांनी कुशनी आणि पीबल्स यांचे १९०५ चे झोपेच्या औषधांचे आकडे वापरले होते. आर उघडून 'स्लीप' असं टाइप केलं की तो डेटा समोर येतो.

१० रुग्ण, २ औषधं. दर रुग्णाला नेहमीपेक्षा किती तास जास्त झोप लागली, याची नोंद. पहिल्या औषधावर, रुग्णांच्या क्रमाने: ०.७, −१.६, −०.२, −१.२, −०.१, ३.४, ३.७, ०.८, ०, २.०. दुसऱ्या औषधावर, त्याच क्रमाने: १.९, ०.८, १.१, ०.१, −०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. सरासरी ०.७५ आणि २.३३. फरक १.५८ तासांचा.

आता हे दोन वेगवेगळ्या माणसांचे गट आहेत असं समजून टी-टेस्ट केली, तर टी (फरक भागिले त्याची प्रमाण त्रुटी, म्हणजे फरकातली अनिश्चितता) १.८६ आणि पी ०.०७९. हीच माणसं दोन्ही वेळा होती असं सांगून जोडीची टी-टेस्ट केली, तर टी ४.०६ आणि पी ०.००२८. कागदावरचा एकही आकडा बदललेला नाही.

असं का होतं ते या आकड्यांकडे दोन मिनिटं बघितलं तर डोळ्यांनीच कळतं. काही माणसं मुळातच औषधाला जास्त प्रतिसाद देणारी आहेत. सहावा आणि सातवा रुग्ण दोन्ही औषधांवर भरपूर झोपले, दुसरा आणि चौथा दोन्हींवर मागे राहिले. माणसामाणसातला हा फरक मोठा आहे, आणि गट वेगळे धरले की औषधाचा परिणाम त्यात बुडून जातो. जोडी धरली की प्रत्येक माणसाची तुलना त्याच्याशीच होते. उरतात ते फक्त १० फरक: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. यात एकही ऋण नाही. गट वेगळे धरले तेव्हा फरकाची प्रमाण त्रुटी ०.८५ होती, जोडीने ती ०.३९ वर आली. टी दुपटीहून वाढला तो यामुळे.

मग इथे बरोबर कोणतं? जोडीचं, कारण रुग्ण तेच होते. पी लहान आली हे कारण नव्हे. उद्या तुमच्याकडे ३० मुलांची एक तुकडी आणि ३० मुलांची दुसरी तुकडी असेल, तर संख्या सारखी आहे म्हणून जोडी होत नाही. दोन्ही रकान्यांत आडव्या ओळीतला आकडा एकाच व्यक्तीचा, एकाच झाडाचा, एकाच शेताचा आहे का, एवढंच विचारायचं. पहिल्या रकान्यातली मुलं आपसांत अदलाबदल केली तर काही बिघडतं का? बिघडत असेल तर जोडी आहे, बिघडत नसेल तर नाही.

एक्सेलच्या टी-टेस्ट फंक्शनमध्ये शेवटचा आकडा 'टाइप' हा असतो. १ म्हणजे जोडी, २ म्हणजे वेगळे गट आणि सारखा व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग, म्हणजे पसारा), ३ म्हणजे वेगळे गट आणि व्हेरियन्स सारखा असण्याची अट नाही. त्याआधीचा आकडा चाचणी एकतर्फी (फरक एकाच दिशेने शोधणारी) की दुतर्फी (दोन्ही दिशांनी शोधणारी) ते सांगतो. बहुतेक जण हे दोन आकडे कुणाच्या तरी जुन्या शीटमधून उचलतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आर वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना: जुन्या व्हिडिओंमध्ये फॉर्म्युला लिहून त्यातच जोडीचा पर्याय दिलेला असतो. २०२४ मध्ये आलेल्या ४.४.० या आवृत्तीपासून ती पद्धत बंद झाली आहे आणि एरर येते. दोन रकाने वेगवेगळे देऊन जोडीचा पर्याय चालू करा, काम होतं.

जोडीची चाचणी बरोबर निवडली, तरी आकडा भलताच

हे माझ्यासमोर घडलेलं आहे. मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती, डेटा उपचाराआधीचा आणि नंतरचा, चाचणी जोडीची, सगळं रीतसर. पी मात्र इतकी लहान की माझा विश्वास बसेना. मी तिला म्हटलं, कागदावरची मूळ नोंद काढ. पहिल्या रुग्णाची उपचारानंतरची नोंद कागदावर वेगळी, शीटवर वेगळी. "नीट दिसावं म्हणून मी सॉर्ट केलं होतं," ती म्हणाली. दोन्ही रकाने तिने वेगवेगळे निवडून चढत्या क्रमाने लावले होते. रुग्णांचे क्रमांक जागच्या जागी राहिले आणि आकडे इकडचे तिकडे झाले.

याने काय होतं ते गॉसेट यांच्याच डेटावर करून दाखवते, म्हणजे तुम्हालाही पडताळता येईल. दोन्ही रकाने स्वतंत्रपणे चढत्या क्रमाने लावा आणि जोडीची टी-टेस्ट करा. सरासरी फरक १.५८ च राहतो, पण टी ४.०६ वरून ९.२७ वर जातो. सगळ्यात कमी झोपलेल्याची जोडी सगळ्यात कमी झोपलेल्याशी लागली, म्हणून फरक खोटेच एकसारखे दिसू लागले. आता पहिला रकाना मूळ क्रमात ठेवून फक्त दुसरा सॉर्ट करा. टी उतरून २.४८ होतो आणि पी ०.०३५ च्या आसपास येते. तिन्ही वेळा सरासरी तीच, प्रमाण विचलनही प्रत्येक रकान्याचं तेच. म्हणजे वर सांगितलेली नग मोजायची तपासणी ही चूक पकडू शकत नाही.

म्हणून पहिल्या रकान्यात ओळखक्रमांक ठेवाच, आणि सॉर्ट करायचं झालं तर पूर्ण टेबल निवडून करा. मूळ फाइलला कधीच हात लावू नका, प्रत घेऊन काम करा. विश्लेषण संपल्यावर कोणतेही ५ क्रमांक काढून कागदाशी ताडून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

गट वेगळेच आहेत, तरी दोन पी

आता जोडीचा प्रश्न नाही असं धरू. आरमध्ये टी-टेस्टचं डीफॉल्ट वेल्च यांच्या पद्धतीचं आहे, म्हणजे दोन गटांचा व्हेरियन्स सारखा आहे असं ते धरून चालत नाही. पाठ्यपुस्तकात शिकवतात ती मूळ स्टुडंट चाचणी व्हेरियन्स सारखा धरते. एसपीएसएस दोन्ही छापतं, एकाखाली एक दोन ओळींत. मैत्रिणीने वरची ओळ उचलली आणि तुम्ही खालची, की झाला वाद सुरू.

गटांची संख्या सारखी असेल तर फारसं बिघडत नाही. झोपेच्या डेटात स्टुडंट पद्धतीने पी ०.०७९२ आणि वेल्च पद्धतीने ०.०७९४, टी दोन्हीकडे १.८६ च. पण संख्याही असमान आणि पसाराही असमान असेल तर चित्र पालटतं. समजा एका गटात ४० जण, प्रमाण विचलन ३. दुसऱ्या गटात १० जण, प्रमाण विचलन ९. सरासरीतला फरक ४. स्टुडंट पद्धतीने टी २.३९ येतो आणि पी ०.०२. वेल्च पद्धतीने टी १.३९, पी ०.२० च्या जवळ. एकीकडे "लक्षणीय", दुसरीकडे काहीच नाही. इथे खरी बाजू वेल्चची आहे. लहान गट बेभरवशाचा आहे, आणि स्टुडंट पद्धत मोठ्या गटाचा नेमकेपणा उसना घेऊन त्याला झाकते.

माझं स्पष्ट मत आहे की वेगळ्या गटांसाठी सरळ वेल्चच वापरा. आधी व्हेरियन्स सारखे आहेत का ते बघणारी लेव्हीन चाचणी, ती पास झाली तर वरची ओळ, नापास झाली तर खालची, हा जिना चढायची गरज नाही. गट लहान असताना लेव्हीनला फरक दिसतच नाही, आणि नेमका तिथेच तो नडतो. शिवाय एसपीएसएसच्या त्या टेबलात लेव्हीनचा 'सिग' (एसपीएसएसमधलं पीचं नाव) डावीकडे आधी येतो. घाईत तोच टी-टेस्टचा पी म्हणून थेसिसमध्ये उतरवलेला मी कितीदा पाहिलाय. दोन पी-व्हॅल्यू जुळत नसतील तर आधी बघा की एक लेव्हीनची तर नाही ना.

व्हेरियन्स सारखे नसतील तर सरासरींची तुलना कशी करायची, या प्रश्नाला बेरेन्स-फिशर प्रश्न म्हणतात, आणि त्यात आपला एक माणूस आहे हे मला मुलांना सांगायला फार आवडतं. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिक्षण घेतलं, आणि १९३८ मध्ये कलकत्त्याच्या 'संख्या' या नियतकालिकात बेरेन्स आणि फिशर यांच्या चाचणीवर निबंध लिहिला. पुढे ते नमुना पाहणी आणि पोषणाच्या अभ्यासासाठी जगभर ओळखले गेले. वेल्च यांचा निबंध १९४७ चा, म्हणजे नंतरचा. तुम्ही ज्या दोन ओळींत अडकलाय तिथे त्या काळचे मोठमोठे लोक वर्षानुवर्षं वाद घालत होते, तेव्हा तुमचा गोंधळ होणं स्वाभाविक आहे.

एक बारीक फरक राहिला. एक्सेलमध्येच फंक्शनने टाइप ३ केलं आणि डेटा ॲनालिसिसच्या टूलपॅकने तीच चाचणी केली तरी चौथ्या दशांशाला फरक पडू शकतो. वेल्चमध्ये स्वातंत्र्यमात्रा (डिग्रीज ऑफ फ्रीडम, टीवरून पी काढताना लागणारा नमुन्याच्या आकाराशी जोडलेला आकडा) अपूर्णांकात येते, झोपेच्या डेटात १७.७८. फंक्शन ती तशीच वापरतं, टूलपॅक तिला पूर्णांक करून १८ धरतं. त्याने जीव टांगणीला लावू नका, कोणतं वापरलं ते लिहा आणि पुढे चला.

टक्केवारीची तुलना: एका टेबलातून चार पी

सरासरीपेक्षा प्रमाणांच्या तुलनेत जास्त घोळ होतो, कारण इथे चाचण्यांची नावंच चार-पाच आहेत. झेड चाचणी, काय-स्क्वेअर, येट्स दुरुस्तीसह काय-स्क्वेअर, फिशर एक्झॅक्ट.

इंग्लंडमधल्या रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रातली चहाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. म्युरिएल ब्रिस्टल या बाईंचं म्हणणं होतं की कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे त्यांना चवीवरून कळतं. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी ८ कपांचा प्रयोग मांडला, ४ दूध आधीचे, ४ चहा आधीचे. समजा कुणी दूध आधीच्या ४ पैकी ३ कप बरोबर ओळखले. टेबल होतं ३, १, १, ३. आता हेच टेबल निरनिराळ्या ठिकाणी घाला. साध्या काय-स्क्वेअरने २.० येतो, पी ०.१५७. येट्स दुरुस्तीने काय-स्क्वेअर ०.५ वर उतरतो, पी ०.४८०. फिशर एक्झॅक्ट दुतर्फी केली तर ०.४८६. एकतर्फी केली तर ०.२४३, म्हणजे ७० शक्यतांपैकी १७.

चार आकडे, एकही चुकीचा हिशेब नाही. आरमध्ये दोन बाय दोनच्या टेबलाला काय-स्क्वेअर लावलं की येट्स यांची १९३४ ची दुरुस्ती आपोआप लागते. प्रमाणांच्या चाचणीलाही लागते. इंटरनेटवरचे बरेच कॅल्क्युलेटर ती लावत नाहीत. एसपीएसएस साधा आणि दुरुस्तीचा असे दोन्ही आकडे वेगवेगळ्या ओळींत देतं. झेड चाचणी मिश्र प्रमाण (दोन्ही गट एकत्र करून काढलेलं) धरून केली तर झेडचा वर्ग म्हणजेच दुरुस्ती नसलेला काय-स्क्वेअर, त्यामुळे त्या दोन्हींची दुतर्फी पी तंतोतंत एकच यायला हवी. ती येत नसेल तर कुठेतरी दुरुस्ती चालू आहे.

निवड कशी करायची? अपेक्षित संख्या बघा. निरीक्षित नव्हे, अपेक्षित, म्हणजे गटांत फरक नसता तर त्या घरात जितकी आली असती ती. वरच्या टेबलात चारही घरांत अपेक्षित संख्या २ आहे. एखाद्या घरात ती ५ च्या खाली असेल तर मी सरळ फिशर एक्झॅक्ट वापरते. सगळीकडे भरपूर असेल तर दुरुस्तीशिवायचा काय-स्क्वेअर पुरतो, आणि संख्या मोठी असली की दुरुस्ती असली-नसली तरी उत्तर जवळपास तेच येतं.

यापेक्षा मोठी चूक वेगळीच आहे: टेबलात माणसांऐवजी टक्के भरणं. अमेरिकेत डॉक्टरांवर झालेल्या ॲस्पिरिनच्या मोठ्या अभ्यासाचा १९८८ चा प्राथमिक अहवाल घ्या. ॲस्पिरिन घेणाऱ्या ११,०३७ डॉक्टरांपैकी १०४ जणांना हृदयविकाराचा झटका आला, खोटी गोळी घेणाऱ्या ११,०३४ पैकी १८९ जणांना. टक्केवारी ०.९४ आणि १.७१. खरे आकडे घालून झेड येतो ५.०, हा योगायोगाने येणारा फरक नव्हे. आता कुणी टेबलात ०.९४, ९९.०६, १.७१, ९८.२९ असं भरलं तर सॉफ्टवेअरला वाटतं की प्रत्येक गटात १०० माणसं होती. झेड ०.४८ वर येतो, पी ०.६३. बावीस हजार डॉक्टरांची मेहनत त्या एका रकान्यात वाया जाते. उलटही होतं. तुमच्या गटात २० माणसं असतील आणि टक्के भरलेत, तर २० ची १०० झाली आणि नसलेला भक्कमपणा आला. टेबलाची बेरीज माणसांच्या संख्येइतकी येते का, एवढं बघितलं की पुरे.

आणि जोडीचा प्रश्न इथेही आहेच. प्रशिक्षणाआधी १०० आशाताईंपैकी ४० जणींनी बरोबर उत्तर दिलं, प्रशिक्षणानंतर ५५ जणींनी. हे मी समजायला बनवलेले आकडे आहेत. ४० आणि ५५ असं काय-स्क्वेअर केलं की ४.५१ येतो, पी ०.०३४. पण बाया त्याच आहेत, म्हणून मॅकनेमार चाचणी हवी. तिला ४० आणि ५५ यांच्याशी कर्तव्य नसतं, तिला किती जणी बदलल्या ते हवं असतं. २५ जणी चुकीवरून बरोबरवर आल्या आणि १० जणी बरोबरवरून चुकीवर गेल्या असतील, तर १५ चा वर्ग भागिले ३५, म्हणजे ६.४३, पी ०.०११. त्या १० जणींचं काय झालं हा प्रश्नही मग समोर येतो, आणि प्रशिक्षण देणाऱ्याला तोच सगळ्यात उपयोगी असतो. नोंद करताना प्रत्येकीचं आधीचं आणि नंतरचं उत्तर एका ओळीत ठेवलं नसेल, फक्त एकूण बेरजा ठेवल्या असतील, तर ही चाचणी नंतर करता येत नाही. ज्यांचा डेटा अजून गोळा व्हायचाय त्यांनी हे आजच लक्षात घ्यावं.

कोणतंही बटण दाबून न सुटणारी चूक

दोन वाफे. एकाला शेणखत, दुसऱ्याला गांडूळखत. प्रत्येक वाफ्यातल्या ३० रोपांची उंची मोजली आणि ६० आकड्यांची टी-टेस्ट केली. सगळी सॉफ्टवेअर एकमुखाने एकच पी देतात, जुळण्याचा काही त्रास नाही. आणि तीच खरी अडचण आहे, कारण इथे नमुना ६० चा नाही. खत वाफ्याला दिलं होतं, रोपाला नाही. वाफे दोनच. एक वाफा विहिरीच्या बाजूला असेल, दुसऱ्यावर दुपारनंतर आंब्याची सावली पडत असेल, तर ६० रोपं मोजून किंवा ६०० मोजून खताचा आणि सावलीचा परिणाम वेगळा काढता येत नाही.

कृषीच्या मुलांना आरबीडी (वाफ्यांची ब्लॉकवार यादृच्छिक मांडणी) आणि रेप्लिकेशन (एकच उपचार अनेक वाफ्यांना देणं) हे शब्द पाठ असतात, पण विश्लेषणाला बसलं की रोपं मोजण्याचा मोह आवरत नाही. प्रत्येक खताचे ४ वाफे असतील तर प्रत्येक वाफ्याची सरासरी काढा आणि ४ विरुद्ध ४ अशी तुलना करा. पी मोठी येईल. ती खरी आहे. हेच शाळेत होतं. एक तुकडी नव्या पद्धतीने, दुसरी जुन्या, आणि दोन्हींना शिक्षिका वेगळ्या. मुलं ८० असली तरी तुकड्या दोनच. असा डेटा घेऊन कुणी आलं की मला खरंच वाईट वाटतं, कारण मेहनत झालेली असते आणि मी त्यावर उपाय देऊ शकत नाही. मग एवढंच करता येतं, की मर्यादा प्रामाणिकपणे लिहायची आणि निष्कर्ष त्या दोन तुकड्यांपुरता ठेवायचा. सिनॉप्सिस लिहितानाच कुणालातरी दाखवा, असं मी सगळ्यांना सांगते ते यासाठी.

दोन छोट्या गोष्टी

एक पी दुसरीच्या बरोबर निम्मी असेल तर एकतर्फी-दुतर्फीचा फरक आहे, दुसरं काही शोधू नका. एक्सेलचं टूलपॅक आणि एसपीएसएसच्या नव्या आवृत्त्या दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापतात. डेटा बघण्याआधी दिशा लेखी ठरवली नसेल तर दुतर्फीच लिहा. ०.०७९ चं ०.०४ करण्यासाठी एकतर्फीकडे वळणं ही लबाडी आहे, आणि व्हायवाला बसलेला अनुभवी परीक्षक ती ओळखतो.

गट तीन किंवा जास्त असतील तर प्रत्येक जोडीला टी-टेस्ट लावू नका. ५ गटांच्या १० जोड्या होतात. त्या एकमेकींपासून स्वतंत्र धरल्या तर, खरा फरक कुठेच नसतानाही एखादी तरी ०.०५ च्या खाली येण्याची शक्यता ४० टक्के असते. आधी अनोव्हा (सगळ्या गटांची एकत्र चाचणी), मग ट्युकी (कोणत्या जोड्या वेगळ्या ते सांगणारी).

०.०७९ आलं म्हणजे "फरक नाही" का?

नाही, आणि या एका वाक्यावरून गाइड आणि विद्यार्थी यांच्यात फार गैरसमज होतात. फरक शून्य आहे असं मानलं तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने किती वेळा दिसेल, हे पी-व्हॅल्यू सांगते. फरक शून्य असण्याची शक्यता किती, हे ती सांगत नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-व्हॅल्यूवर खास निवेदन काढलं ते याच गैरसमजांसाठी.

म्हणून पीसोबत फरकाचा ९५ टक्के विश्वासांतर (कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे डेटाशी जुळणाऱ्या फरकांचा पट्टा) लिहा. झोपेच्या डेटात गट वेगळे धरले तर तो −०.२१ ते ३.३७ तास येतो. यात शून्य आहे, पण साडेतीन तासांच्या जवळ जाणारा फरकही आहे. "फरक नाही" असं कुणी म्हणू शकेल का यावरून? जोडीने हाच अंतर ०.७० ते २.४६ होतो. वाचणाऱ्याला आता कळतं की दुसऱ्या औषधाने किमान पाऊण तासाच्या आसपास आणि कमाल अडीच तासांच्या आसपास जास्त झोप मिळत असावी. डॉक्टरला ठरवायला हे उपयोगी पडतं, ०.००२८ नव्हे.

थेसिसमध्ये ओळ अशी लिहा: "त्याच १० रुग्णांवर दोन्ही औषधं दिली असल्याने जोडीची दुतर्फी टी-टेस्ट केली, सरासरी फरक १.५८ तास, ९५ टक्के विश्वासांतर ०.७० ते २.४६, टी ४.०६, स्वातंत्र्यमात्रा ९, पी ०.००३." चाचणी का निवडली ते कारण वाक्याच्या सुरुवातीलाच आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आकडा वेगळा आला तरी वाद कुठे आहे ते लगेच सापडतं. एसपीएसएसने .००० छापलं असेल तर "पी ०.००१ पेक्षा कमी" असं लिहा, पी कधीच शून्य नसते.

एवढं सगळं करूनही दोन आकडे जुळत नसतील तर कुणालाही विचारताना स्क्रीनशॉटचा अर्धा तुकडा पाठवू नका. प्रत्येक गटाची संख्या, सरासरी, प्रमाण विचलन, माणसं तीच की वेगळी, आणि दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये टी आणि स्वातंत्र्यमात्रा किती आली, हे पाठवा. टी सारखा आणि स्वातंत्र्यमात्रा वेगळी असेल तर वेल्चचा मामला. स्वातंत्र्यमात्रा निम्म्यावर आली असेल तर जोडी. दोन्ही सारखं आणि पी निम्मी, तर एकतर्फी. डेटा न बघताही फोनवर एवढं सांगता येतं.